छोटा नागपुरातील मिशन आणि जमिनीचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मिशनरी आणि आदिवासी हा विषय निघाला की आपल्या बैठकांतसुद्धा चटकन दोन तट पडतात. एका तटाच्या मते मिशनरी म्हणजे दुधाची भुकटी आणि गव्हाची पोती यांच्या मोबदल्यात धर्म विकणारा परकीय हस्तक. दुसऱ्या तटाच्या मते तो रानावनात शाळा-दवाखाने चालविणारा करुणामूर्ती. ही चित्रे परस्परविरोधी दिसतात खरी, परंतु दोहोंत आदिवासी केवळ हात पसरून उभा आहे. कोणी विष दिले तर विष, कोणी औषध दिले तर औषध, एवढेच त्याचे काम. त्याने चार गोष्टींचा विचार करून, आपला लाभ-तोटा पाहून काही निर्णय घेतला असेल, ही शक्यता टीकाकारालाही सुचत नाही आणि स्तुतिपाठकालाही सुचत नाही.

म्हणून मी आज धर्मांतराची सर्वसाधारण चर्चा न करता एकाच प्रदेशाविषयी बोलणार आहे. तो प्रदेश छोटा नागपूरचा. आजच्या झारखंड राज्यातील रांची, खुंटी, गुमला, सिमडेगा हे जिल्हे त्यात येतात. सालवृक्षांच्या जंगलांचे हे पठार मुंडा, उराव, हो, खडिया या जमातींचे. मध्य भारतातील ख्रिस्ती मिशनचे फार मोठे आणि जुने कार्य याच भागात झाले, आणि आज ज्या वादाने संसदेपासून गावच्या पारापर्यंत वातावरण तापते आहे, त्या वादाची मुळेही येथेच आहेत.

प्रथम जमिनीची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. ज्या कुळाने जंगल तोडून गाव वसविले, त्या कुळाची त्या गावच्या जमिनीवर सामाईक मालकी, ही मुंडांची खुंटकट्टी पद्धत. उरावांमध्ये मूळ वसाहतकारांच्या अशाच जमिनीला भुइंहारी म्हणत. कागद नव्हता. पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या प्रचंड शिळा, म्हणजे ससनदिरी, हाच मालकीचा दाखला. ज्याच्या पूर्वजांच्या शिळा गावात, त्याचे गाव. पुढे नागवंशी राजांनी आपल्या दरबारातील बाहेरच्या लोकांना गावेच्या गावे जहागीर म्हणून दिली. त्यांच्यामागून ठिकेदार आले, सावकार आले. इंग्रजांचे राज्य आल्यावर त्यांच्या मागे कचेरी उभी राहिली, आणि कचेरीला शिळा वाचता येत नव्हत्या, कागदच वाचता येत होता. कालचा मालक आज कूळ झाला. सारा तर त्याच्यावर बसलाच, शिवाय बेठ-बेगारी बसली. हा शब्द आपल्याला परका नाही. आपली वेठबिगार ती हीच; १९४५ साली डहाणू-उंबरगावचे वारली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली तिच्याविरुद्ध उठले होते. छोटा नागपुरात १८३१-३२ सालीच कोलांचा मोठा उठाव झाला. तो चिरडला गेला, पण त्याचे कारण जागच्या जागी राहिले.

अशा भूमीत २ नोव्हेंबर १८४५ रोजी बर्लिनच्या गॉस्नर मिशनचे चार जर्मन मिशनरी रांचीला येऊन पोहोचले. त्यांनी प्रचार केला, शाळा काढली, आजाऱ्यांना औषध दिले. पहिला बाप्तिस्मा झाला तो ९ जून १८५० रोजी, चार उरावांचा. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे या पठारावरचा एकही प्रौढ माणूस त्यांच्या धर्मात गेला नाही! आमिषाने धर्मांतर होते असे ज्यांना वाटते, त्यांनी या पाच वर्षांचा हिशेब द्यावा. औषध होते, शाळा होती, गोरी कातडी होती. माणसे मात्र नव्हती. मिशनरी पापाविषयी बोलत होते. मुंडा-उरावांच्या दारात त्या वेळी पाप उभे नव्हते, ठिकेदार उभा होता.

त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत संख्या वाढू लागली. या वाढीचे कारण धर्मग्रंथात शोधण्यापेक्षा कचेरीत शोधणे योग्य. ख्रिस्ती झालेल्या कुळाच्या बाजूने साहेबापुढे शब्द टाकणारा कोणीतरी असतो, अर्ज लिहून देणारा कोणीतरी असतो, हे लोकांच्या ध्यानात आले. ते जमीनदारांच्याही ध्यानात आले. १८५७ च्या धामधुमीत मिशनरी रांची सोडून गेले, तेव्हा ख्रिस्ती गावांवर जमीनदारांनी सूड उगविला. एखाद्या कुळाने आपला देव बदलला म्हणून जमीनदार इतका चवताळत नाही. त्याने बेगारीला यायचे नाकारले, हे खरे दुखणे होते.

१८६९ साली भुइंहारी जमिनींच्या नोंदीचा कायदा झाला, मोजणी झाली, परंतु मुंडांच्या खुंटकट्टी गावांना तिच्यातून फारसे काही मिळाले नाही. आणि येथेच मिशनच्या मर्यादा उघड होऊ लागल्या. सरदारी लढाई या नावाने ओळखली जाणारी चळवळ याच काळातील. तिचे पुढारी, म्हणजे सरदार, बरेचसे ख्रिस्ती झालेले मुंडाच होते. मिशनच्या शाळेने त्यांना अक्षर दिले होते आणि त्या अक्षरांनी ते आता अर्जांवर अर्ज लिहीत होते. त्यांची मागणी साधी होती : गाव आमचे, मधला जहागीरदार नको. जर्मन मिशनऱ्यांना हे झेपेना. अन्याय कमी व्हावा एवढे त्यांना हवे होते. जहागीरदारीच जावी हे त्यांच्या राजनिष्ठेत बसत नव्हते. सरदारांनी त्यांचा नाद सोडला. कोणी अँग्लिकनांकडे गेले, कोणी रोमन कॅथलिकांकडे, कोणी परत आपल्या बोंगांकडे. इतक्या सहजपणे चर्च बदलणारी माणसे भोळी आणि फसलेली होती, असे मानणे कठीण आहे. ती वकील बदलत होती असे म्हटले तर ते अधिक खरे ठरेल. (प्रत्यक्षातल्या वकिलांनी त्यांना किती लुबाडले ही आणखी वेगळी कथा, कलकत्त्याच्या वकिलांच्या घशात या गरिबांच्या वर्गणीचे पैसे किती गेले याला गणती नाही.)

या पार्श्वभूमीवर १८८५ साली कॉन्स्टंट लीव्हन्स हा एकोणतीस वर्षांचा बेल्जियन जेझुइट तोरपा येथे आला. या माणसाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा वाद त्याच्या कार्यपद्धतीवरून निर्माण झालेला आहे. त्याने दोन गोष्टींचा अभ्यास केला. एक मुंडारी भाषेचा आणि दुसरा कुळकायद्याचा. तोरप्याच्या झोपडीत त्याच्याकडे माणसे येत ती खटल्याचे कागद घेऊन. कायदेशीर सारा किती, बेगारीचे दिवस किती, पावती घेतल्याशिवाय पैसा का देऊ नये, समन्स आले तर काय करावे, हे तो त्यांना समजावून सांगे. खटल्यांची कागदपत्रे तयार करून देई. ज्या कचेरीत मुंड्याची भाषा कोणाला कळत नव्हती, तेथे त्याचे म्हणणे प्रथमच नीट मांडले जाऊ लागले. काही खटले जिंकले गेले. एका गावचा खटला जिंकला की पुढच्या चार गावांचे लोक मिशनच्या दारात. पुढे बरवे भागात तर गावेच्या गावे आली. जमीनदारांनी ओरड केली, सरकारी अधिकाऱ्यांनीही हा मिशनरी कुळांना चिथावतो असा ठपका ठेवला. अवघ्या सात वर्षांत क्षयाने खंगून तो १८९२ साली मायदेशी परतला आणि १८९३ साली वारला. तो गेल्यावर जमीनदारांचा दाब वाढला, आणि आलेल्यांपैकी पुष्कळ जण जसे आले तसे परतही गेले.

लीव्हन्सने जे केले ते आपल्यापैकी कोणीही कार्यकर्ता करील असेच होते. फरक एवढाच, की आपण पक्षाची पावती फाडतो आणि त्याने बाप्तिस्मा दिला. मी हे विनोदाने म्हणत नाही. खटल्यात साहाय्य हवे असेल तर आमच्या कळपात या, हा अलिखित करार नैतिकदृष्ट्या निर्दोष होता असे मला म्हणवत नाही. माणसाच्या अडचणीचा उपयोग त्याच्या श्रद्धेच्या बाबतीत करून घेणे हे गैरच. परंतु ती अडचण मिशनऱ्याने निर्माण केलेली नव्हती, आणि ज्यांनी ती निर्माण केली त्यांच्यात हिंदू जमीनदार होते, मुसलमान ठिकेदार होते, ख्रिस्ती राज्यकर्तेही होते. शेजारधर्म म्हणून त्या मुंड्याबरोबर कचेरीची पायरी चढायला यांपैकी कोणी गेले नाही.

आता मिशनचा खरा दोष सांगतो. त्याचे नाव बिरसा. १८७५ साली जन्मलेला हा मुलगा ख्रिस्ती घरातला. त्याचा बाप्तिस्मा झालेला होता आणि चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत तो शिकला. सरदारांविषयी मिशनरी जे अनुदार बोलत त्यावरून त्याचे बिनसले आणि तो शाळेतून बाहेर पडला. टोपीवाले साहेब सारे एकच, मग ते कचेरीतले असोत की चर्चमधले, असा निष्कर्ष त्याने काढला. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, मिशनचा उपदेश ऐकलेल्या मुलाने काढलेला हा निष्कर्ष आहे, हे लक्षात ठेवा. १८९९ च्या नाताळच्या आदल्या रात्री उलगुलान सुरू झाले ते चर्चवर आणि मिशनच्या आवारांवर बाण सोडून. ९ जानेवारी १९०० रोजी डोंबारीच्या डोंगराजवळ सैन्याने गोळीबार केला. बिरसा पकडला गेला आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात मरण पावला. पहिल्या चार बाप्तिस्म्यांना त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. इतिहासात योगायोग असतात. त्यांतून अर्थ काढू नये, पण ते नजरेआडही करू नयेत.

बाण ज्या आवारांत पडले त्यांत सरवदा येथील कॅथलिक मिशन होते, आणि तेथे योहान हॉफमन नावाचा जर्मन जेझुइट राहत होता. या हॉफमनने पुढे काय केले? मुंडारी व्याकरण लिहिले, ते १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंडांच्या जमीनपद्धतीचा इतका खोल अभ्यास केला, की लिस्टर या अधिकाऱ्याबरोबर त्याने केलेले काम १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्याच्या घडणीत उपयोगी पडले. ‘एन्सायक्लोपीडिया मुंडारिका’ हा त्याचा अनेक खंडांचा कोश त्याच्या मृत्यूनंतर १९३० पासून छापला जाऊ लागला. १९०९ साली त्याने सहकारी पतसंस्था स्थापन केली, गावोगाव धानगोले उभे केले. पेरणीच्या वेळी सावकाराऐवजी गोल्यातून धान उचलायचे आणि सुगीनंतर परत भरायचे, अशी ती साधी व्यवस्था. आपल्याकडे सहकाराची महती गाणाऱ्यांनी हे कार्य अवश्य पाहावे. त्यातले वैगुण्यही पाहावे. संस्थेच्या नावातच ‘कॅथलिक’ हा शब्द होता. सावकार सगळ्यांना सारखा लुटत होता. गोला मात्र एकाच चर्चच्या लोकांसाठी होता. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१५ साली इंग्रज सरकारने हॉफमनला जर्मन म्हणून हद्दपार केले. ज्या राज्याशी एकनिष्ठ राहण्याचा उपदेश ही मंडळी आदिवासींना करीत होती, त्या राज्याने त्यांची अशी बोळवण केली.

१९०८ चा कायदा हॉफमनने दिला असे मिशनचे लोक म्हणतात, बिरसाने दिला असे आदिवासी म्हणतात. उलगुलान झाले नसते तर सरकारला हॉफमनचा अभ्यास वाचण्याची निकड भासली नसती. आणि अभ्यास नसता तर त्या भीतीतून काय निघाले असते कोण जाणे. सरकारला जाग आली ती बाणांनी, एवढे मात्र निश्चित.

मिशनने आदिवासी समाज दुभंगला, हा आरोप मला खरा वाटतो. आखड्यातला रात्रीचा नाच बंद, हंडिया बंद, सरनेतल्या पूजेला जाणे बंद. ज्या ससनदिरीत सारे कूळ एकत्र निजत असे, तिच्याऐवजी निराळी दफनभूमी. एकाच कुळाचे लोक गावात दोन वाड्यांवर राहू लागले, आणि एकाच धर्माचे असूनही लुथेरन व कॅथलिक एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. ही जखम आजही ओली आहे. २०१३ साली रांचीजवळच्या एका चर्चमध्ये लाल काठाची पांढरी साडी नेसलेली मरियमची मूर्ती बसविली, तेव्हा सरना समाजाचे लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर आले. आमचा वेष घेऊन आमचीच माणसे नेता, ही त्यांची तक्रार होती. ती तक्रार कोणी पढवलेली म्हणून झटकून टाकणे हा शहाणपणा नव्हे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. जर्मन मिशनरी निघून गेल्यावर गॉस्नर चर्चने १० जुलै १९१९ रोजी स्वायत्तता जाहीर केली आणि कारभार आदिवासींनी हाती घेतला. संविधान सभेत उभे राहून आपण जंगली आहोत याचा अभिमान वाटतो असे सांगणारे जयपालसिंग मुंडा मिशनच्या शाळेतून पुढे गेलेले होते. १९३८ साली उभ्या राहिलेल्या आदिवासी महासभेचे नेतृत्व त्यांनी केले आणि झारखंडच्या मागणीला देशापुढे आणले. धर्म बदलला की माणूस राष्ट्राला आणि जमातीला मुकतो, हा सिद्धान्त जयपालसिंगांच्या उदाहरणावर आपटून फुटतो.

या सगळ्याला हिंदू समाजाने जे उत्तर दिले, त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. छोटा नागपुराला लागून असलेल्या जशपूर संस्थानात मिशन पसरले होते. सरकारी नोकरीच्या निमित्ताने तेथे गेलेले र. के. देशपांडे यांनी १९५२ साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू केला. १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५६ साली आला. परकीय पैसा किती येतो, शाळांत धर्म शिकवितात का, याची चौकशी तिने कसून केली. ती करणे अयोग्य होते असे मी म्हणणार नाही. पण मिशनच्या वसतिगृहातला मुलगा तेथे का आला याचे उत्तर त्याच्या बापाच्या कर्जखात्यात होते, आणि चौकशीचा रोख त्या खात्याकडे नव्हता. ‘वनवासी’ हा शब्दही तेव्हापासून अधिक रूढ झाला. आदिवासी म्हटले की आधीपासूनचा हक्क आला; वनवासी म्हटले की केवळ पत्ता उरतो.

पुढे ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मस्वातंत्र्याच्या नावाने धर्मांतरविरोधी कायदे केले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य ठरविले. यातला मध्य प्रदेशचा कायदा झाला तो बिगर-काँग्रेसवादाच्या लाटेवर आलेल्या संविद सरकारच्या काळात. डिसेंबर १९७८ मध्ये लोकसभेत ओमप्रकाश त्यागींनी तसेच विधेयक आणले, तेव्हा ते सत्तारूढ जनता पक्षाचे सदस्य होते, आणि समाजवादी पक्ष त्याच जनता पक्षात विलीन झालेला होता. ही वंशावळ आपण विसरू नये.

आता अलीकडचे पाहू. लीव्हन्सच्या त्याच तोरपा भागात कोयल आणि कारो नद्यांवर धरणे बांधण्याची योजना होती. मुंडांनी ती दोन-तीन दशके अडवून धरली. त्या संघटनेत सरना होते, ख्रिस्ती होते, इतरही होते. २ फेब्रुवारी २००१ रोजी तपकरा येथे जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आठ माणसे मारली गेली. झारखंड राज्य जन्माला येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. नंतर योजनाच सोडून देण्यात आली. पाण्याखाली जाणाऱ्या गावात ससनदिरीही होत्या आणि चर्चही होते. दुभंगलेला समाज पुन्हा सांधला गेला तो त्या गावांच्या रक्षणासाठी.

२०१६ साली झारखंड सरकारने छोटा नागपूर कुळकायद्यात आणि संथाळ परगण्याच्या कायद्यात दुरुस्त्या करून शेतजमिनीचा बिगरशेती वापर सुलभ करण्याचा घाट घातला. सरना आणि ख्रिस्ती दोघेही रस्त्यावर उतरले. राज्यपालांनी विधेयक परत पाठविले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच ऑगस्ट महिन्यात त्याच सरकारने विधानसभेत धर्मांतरविरोधी विधेयक संमत करून घेतले. एका हाताने जमीन सुटली आणि दुसऱ्या हाताने भांडण पेरले गेले. हा क्रम मला आकस्मिक वाटत नाही.

फादर स्टॅन स्वामी या पठारावरचेच. रांचीजवळ नामकुम येथे राहून ते पाचव्या अनुसूचीविषयी आणि तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांविषयी प्रश्न विचारीत. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक करून आपल्या महाराष्ट्रातील तळोजा तुरुंगात आणले. कंपवाताने त्यांचे हात थरथरत, म्हणून पाणी पिण्यासाठी नळीच्या पेल्याची मागणी त्यांना न्यायालयात करावी लागली. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, जामीन न मिळताच मुंबईत ते वारले. त्यांनी कोणाला बाप्तिस्मा दिल्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता. लीव्हन्सवरचा ठपका आणि स्टॅन स्वामींवरचा आरोप यांचे कलम वेगळे, पण राग तोच : हा माणूस कुळांना कायदा सांगतो.

शेवटचा मुद्दा, आणि ज्यासाठी मी हे सारे सांगितले तो. धर्मांतर केलेल्या आदिवासींची नावे अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, अशी मोहीम गेली काही वर्षे जोराने चालू आहे. मागणी नवी नाही; कार्तिक उराव यांनी ती साठ-सत्तरच्या दशकांत संसदेत लावून धरली होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींना धर्माची अट आहे, जमातींना नाही. सवलतींचा लाभ ख्रिस्ती आदिवासीच अधिक घेतात, या युक्तिवादात सरना तरुणाचे एक खरे दुःख आहे, आणि त्याचे उत्तर चांगल्या सरकारी शाळा हे आहे. पण या मागणीचा दुसरा परिणाम नोकऱ्यांपेक्षा मोठा आहे. छोटा नागपूर कुळकायद्याचे ४६ वे कलम अनुसूचित जमातीच्या रयतेची जमीन जमातीबाहेर जाऊ देत नाही. जमातीतल्या माणसाला विकायची तरी तो त्याच ठाण्याच्या हद्दीतला असावा लागतो आणि उपायुक्तांची परवानगी लागते. यादीतून माणसाचे नाव गेले की हे कुंपण त्याच्या शेतावरून उठते. सिमडेगा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. तेथील शेते, त्यांखालची खनिजे आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असलेले गिऱ्हाईक यांचा विचार करा. आणि ख्रिस्ती भावाचे शेत बाहेरच्याच्या हाती गेल्यावर शेजारच्या सरना भावाच्या शेताला वाट कोठून राहील, याचाही विचार करा.

४६ व्या कलमाचा मराठी तर्जुमा आणि आपल्याकडचे १९७४ चे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचे कायदे यांच्या चक्रमुद्रित प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दुपारच्या सत्रात ते शेजारी शेजारी ठेवून वाचायचे आहेत. नंदुरबार आणि पालघरच्या साथींनी आपापल्या तालुक्यातल्या परत न मिळालेल्या जमिनींच्या प्रकरणांची यादी बरोबर आणली असेल, तर ती चर्चेआधी माझ्याकडे द्यावी.